आई टाका घालते आणि रात्री उसवते

या वेळचं पत्र मिरजेहून आलंय. लांब आहे, कामापुरतं देते:

"ताई नमस्कार. माझं वय ५९, बँकेतून व्हीआरएस घेतली, आई माझ्याकडेच असते, तिला नव्वदावं चालू आहे. तिचा जन्म रंगूनचा. आजोबा तिकडे रेल्वेत कारकून होते, १९४२ मध्ये जपानी आले तेव्हा सगळे चालत भारतात आले, एवढंच आम्हाला माहीत. आई यावर आयुष्यात दहा वाक्यंसुद्धा बोलली नसेल. गेल्या पावसाळ्यात तिने माझ्या नातीसाठी गोधडी घेतली शिवायला. मधल्या चौकोनात निळ्या दोऱ्याने नदी काढली, अलीकडे पाच माणसं, पलीकडे चार. मी विचारलं, एक कुठं गेला, तर म्हणाली, मोजताना चुकलं. दुसऱ्या दिवशी बघते तर अलीकडचा पाचवा उसवलेला, नुसती भोकं. चार दिवसांनी परत घातला, परत उसवला. असं तीन-चारदा झालंय. आईला एक धाकटा भाऊ होता हे मावशीच्या तोंडून एकदा ओझरतं ऐकलं होतं, मावशीही आता नाही. दादा म्हणतो, या वयात खपली काढू नकोस, शिवणच बंद कर. भाचा म्हणतो, आत्या मी कॅमेरा घेऊन येतो, आजीचं सगळं रेकॉर्ड करू, लोकांना कळलं पाहिजे. निळा दोरा संपलाय, आईने दोनदा मागितला, मी अजून आणला नाही. काय करू?"

ताई, त्या भोकांपाशी मी दरवेळी अडकले. गोधडी शिवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, टाका उसवला तरी भोक राहतं, नवं कापड असलं तर धुतल्यावर जरा मिटतं, जुन्या लुगड्याला नाही मिटत. हे तुमच्या आईला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणजे उसवल्यावरही तिथे काहीतरी होतं हे दिसत राहणार हे तिला कळतंय आणि तरी ती उसवतेय, त्यामुळे मोजताना चुकलं वगैरे सोडून द्या, ती मोजतेच आहे, चौऱ्याऐंशी वर्षं झाली.

आधी माझा एक गाढवपणा सांगते. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत, दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. नामदेव जाधवांना ज्या सेनिओ नदीवरच्या ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्याच नदीवर आमचे अण्णाही होते, पण त्यांच्याबद्दल कुणी काही लिहून ठेवलं नाही. मी कॉलेजात असताना एका मैत्रिणीचा टेपरेकॉर्डर आणला, अण्णांना खुर्चीत बसवलं, माइक समोर धरला आणि पहिला प्रश्न काय विचारला तर, अण्णा तुम्ही किती माणसं मारली? त्यांनी माझ्याकडे बघितलं, उठले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. झालं, संपली मुलाखत. त्यानंतर सहा-सात वर्षांनी असेल, मळ्यातल्या शेंगा फोडत बसलो होतो, समोर पोतं, मांडीवर सूप, आणि शेंगा फोडता फोडता माझ्याकडे न बघता अण्णा म्हणाले, तिकडे चिखल फार होता गं, आपल्यासारखा काळा नाही, राखाडी. आणि मग पाऊण तास बोलले. टेपरेकॉर्डर नव्हता, आणि असता तर बोलले नसते. मी रात्री वहीत जे आठवलं ते लिहिलं, ती तीन पानं हीच माझी सगळी इस्टेट.

म्हणून भाच्याला सांगा, बाळा थांब. वाईट नाहीये तो, उलट घरात एकाला तरी हे जपावंसं वाटतंय हे केवढं, पण कॅमेरा, ट्रायपॉड, लाइट आणि समोर नव्वदीची बाई म्हणजे साक्षीदाराची जबानीच की ती. अशा वेळी म्हातारी माणसं दोनच गोष्टी करतात, एक तर गप्प बसतात नाहीतर लोकांना जे ऐकायचं असतं ते सांगतात. दुसरं जास्त वाईट. आणि इंटरनेटवर टाकायचं की नाही हा प्रश्न आत्ता कुणी काढूच नका, आईच्या देखत तर नाहीच.

आता दादा. दादांचं अर्धं बरोबर आहे. खपली काढू नये हे खरंच, पण इथे खपली तुम्ही काढत नाही आहात, ती स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सुईने, तिला झेपेल तेवढी काढतेय आणि परत बंद करतेय. शिवण बंद केलंत तर आठवण बंद होणार नाही, फक्त हात मोकळे राहतील आणि रात्र मोठी होईल. हां, ती रात्र रात्र जागायला लागली, जेवण तुटलं, दचकून ओरडत उठायला लागली, तुम्हाला कुणी भलतंच समजायला लागली तर मात्र गोधडी बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा, सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. पण टाका घालते आणि उसवते हे लक्षण आजाराचं नाही असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. तुम्हीच लिहिलंय पुढे, ती जेवतेय नीट, सिरियलला शिव्या घालतेय.

एक बाई सांगते तुम्हाला. एस्थर निसेन्थाल क्रिनिट्झ. पोलंडमधल्या म्निशेक नावाच्या खेड्यातली ज्यू मुलगी. ऑक्टोबर १९४२ मध्ये जर्मनांनी गावातल्या ज्यूंना स्टेशनवर जायचा हुकूम काढला तेव्हा ही पंधरा वर्षांची, हिने सांगितलं मी जाणार नाही, तेरा वर्षांच्या बहिणीला घेऊन निघाली आणि दोघी कॅथलिक शेतकऱ्यांच्या मुली आहोत असं सांगून दुसऱ्या गावात राबल्या, वाचल्या. घरचे बाकी कुणी परत दिसले नाहीत. पुढे अमेरिकेत गेली, शिवणकाम करून जगली. चित्रकला शिकलेली नव्हती. पन्नाशीत, १९७७ मध्ये, मुलींना आपलं घर कसं होतं ते दाखवावं म्हणून कापडावर सुईदोऱ्याने पहिलं चित्र काढलं, आणि २००१ मध्ये गेली तोपर्यंत छत्तीस झाली होती.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू, तिने सुरुवात स्टेशनपासून नाही केली. घरापासून केली. झाडं, अंगण, आई, भावंडं. सैनिक आले ते खूप नंतरच्या चित्रांत, आणि तिथेही फुलं तशीच टवटवीत आहेत, एका चित्रात तर बागेत आलेल्या जर्मन सैनिकांवर मधमाश्या तुटून पडल्यात आणि ही वाचलीय. भयंकर आणि गोड एकाच कापडावर. आपण ऐकणारे काय करतो, थेट भयंकरालाच हात घालतो. मी घातला तसा.

तर तुम्ही नदीबद्दल विचारू नका. रंगूनच्या घराबद्दल विचारा. जिना होता का, खिडकीतून काय दिसायचं, मोहिंगा, म्हणजे तिकडच्या माशाच्या रश्श्यातल्या शेवया, खायचात का, आजी भाकरीला पीठ कुठून आणायची, शेजारी तमिळ होते का तेलुगू. १९३१ च्या जनगणनेत रंगूनमधले निम्म्याहून जास्त लोक भारतीय होते, ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानातच धरला जायचा, त्यामुळे रंगूनला नोकरीला जाणं म्हणजे परदेशात जाणं असं आजोबांना वाटलंही नसेल. मराठी माणसं त्यात थोडी, म्हणून मराठीत याच्यावर फारसं सापडत नाही. आपल्याकडे ब्रह्मदेश म्हटलं की मंडालेच्या तुरुंगातले टिळक आणि रत्नागिरीतला थिबा राजा, तिसरं काही नाही. पाच लाखांच्या आसपास माणसं तिथून निघून आली, त्यातली बरीचशी पायी, वाटेत कॉलरा, मलेरिया, उपासमार, किती गेली त्याची धड नोंदच झाली नाही, हजारोंनी गेली एवढं नक्की, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्याला एक ओळ नाही. असो, हा माझा राग, तुमच्या पत्राशी संबंध नाही. म्हणजे आहे, पण नंतर.

आणि विचारायचं ते समोर बसून नाही. तुम्हीपण काहीतरी हातात घ्या. तुम्ही लिहिलंय शिवण येत नाही, मग चिंध्या फाडा, दोरा ओवून द्या, नव्वदीत सुई ओवणं हेच मोठं काम असतं, आईला तुमची गरज तिथेच आहे. दोघींची नजर कापडावर. ती बोलली तर हं म्हणायचं. नाही बोलली तर नाही. मध्येच "अगं बाई, मग गं?" असं करायचं नाही. रडली तर पाणी द्यायचं आणि परत सुई ओवायची. "जाऊ दे आई, नको आठवू" हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो पण समोरच्याला ऐकू येतं ते, बंद कर.

रेकॉर्डिंग करूच नका असं मी म्हणत नाही, नाहीतर माझ्यासारखी तीन पानं घेऊन बसाल. पण चोरून नको. एकदाच सांगा, आई, तू बोलतेस ते मला नंतर ऐकायला ठेवायचंय, मोबाइल इथे सुपलीत ठेवते, नको वाटलं तर उपडा घाल. फ्लाइट मोडवर टाका नाहीतर ऐन वेळी क्रेडिट कार्डवाल्याचा फोन येतो. सुपलीत खालून फडका घाला, नाहीतर सुईचा डबा सरकवल्याचा आवाजच जास्त येईल. संपलं की फाइलला त्याच दिवशी तारखेचं नाव द्या, आणि घरात कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक दादांकडे, हो दादांकडेच, त्यांच्याकडे ठेवायला दिलं की त्यांचाही विरोध जरा मावळतो, अनुभव आहे. आणि भाच्याला खरं काम द्या, ते रेकॉर्डिंग ऐकून शब्द न् शब्द टाइप करायचं, आजी जशी बोलली तसंच, "शुद्ध" न करता. तासाभराच्या बोलण्याला चार-पाच तास लागतात. त्यातून टिकला तर त्याला कळकळ आहे असं समजू.

आता नदी. तुम्ही बहुतेक मनात धरलं असेल की ती ब्रह्मदेशातली मोठी नदी, इरावती. असेलही. पण दोन नद्या असू शकतात आणि त्यावरून अख्खी वाट बदलते, म्हणून सांगते. रंगूनवर पहिले बॉम्ब पडले २३ डिसेंबर १९४१ ला आणि परत नाताळच्या दिवशी, मार्चच्या सुरुवातीला शहर पडलं. जे लवकर निघाले त्यातले पुष्कळ प्रोमपर्यंत जाऊन, इरावती ओलांडून, तौंगुपच्या खिंडीतून समुद्राकडे उतरले आणि बोटीने आक्याब, चितगाव असे आले. जे उशिरा निघाले ते वर मंडालेकडे, तिथून चिंदविन नदी, कलेवा, तामू, मग डोंगर चढून मणिपुरात पालेल, इंफाळ, आणि पुढे दिमापूरला रेल्वे. त्याहून उशीर झालेले अगदी उत्तरेला हुकाँगच्या खोऱ्यातून आसामातल्या लेडोकडे, मे महिन्यात पाऊस लागल्यावर, ती वाट सगळ्यात वाईट. त्यामुळे आई कधी बोलता बोलता जहाज किंवा बोट म्हणाली तर पहिली वाट, ट्रक आणि डोंगर म्हणाली तर दुसरी, चिखल आणि जळवा म्हणाली तर उशिरा निघालेल्यांतली. मंडाले जळताना बघितलं म्हणाली तर ते ३ एप्रिल १९४२ चं किंवा त्यानंतरचं. चहा म्हणाली तर, हे मला फार आवडतं, मणिपूरच्या वाटेवर आसामच्या चहामळेवाल्यांच्या संघटनेने छावण्या काढल्या होत्या, मळ्यांवरचे मजूर तिथे राबत होते आणि थकून आलेल्यांना गरम चहा मिळायचा. तुम्ही पत्रात सहज लिहिलंय की आई आयुष्यभर चहा इनॅमलच्या मगातच पिते, कपाला हात लावत नाही. मी काही म्हणत नाही. पण मग जपून ठेवा.

हे तिला तपासायला नाही हां. "आई तू म्हणतेस ते चुकीचं आहे, तेव्हा पाऊस नव्हता" असं कुणी म्हणालं तर मी स्वतः मिरजेला येईन. सहा वर्षांच्या पोरीला तारखा नसतात, तिला मगाचा रंग असतो. तारखा तुम्ही तुमच्या वहीत वेगळ्या लिहा, आईचं बोलणं डाव्या पानावर, तुमची शोधाशोध उजव्या पानावर, दोन्ही जुळत नसेल तर नसू दे. शोधायचंच असेल तर दिल्लीच्या नॅशनल अर्काइव्ह्जचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल आहे, त्यावर बर्मा इव्हॅक्युई असं टाकून बघा. तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात परदेशातल्या भारतीयांचं खातं आपल्या वणीच्या लोकनायक बापूजी अण्यांकडे होतं, आणि गोऱ्या निर्वासितांना चांगली वाट आणि काळ्यांना वाईट असा भेदभाव होतो म्हणून तेव्हा फार गाजलं होतं, त्यामुळे त्या खात्याचे कागद आहेत. आजोबांचं नाव सापडेल अशी आशा ठेवू नका. सापडलं तर मला कळवा.

धाकट्या मामाबद्दल. तुम्ही लिहिलंय, तो कुठे गेला, कसा गेला, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. ताई, इथे जरा कडू बोलते. ही तुमची तगमग आहे, आईची नाही, आणि दोन्हीची गाठ मारू नका. आईला कदाचित माहीत आहे आणि सांगायचं नाही. कदाचित तिलाही माहीत नाही, सहा वर्षांची होती, सकाळी उठली तर चौघंच होते, आणि आजीने त्यानंतर घरात त्याचं नाव कधी घेऊ दिलं नाही, असंही असू शकतं, अशी घरं मी बघितलीत. तो नदीपर्यंत पोचला होता का, हेच तिला नक्की आठवत नसेल आणि म्हणून कधी घालते, कधी काढते. मी तर्क करतेय, तुम्हीपण तर्कच करा, पण तिला विचारू नका. ती स्वतःहून नाव उच्चारेल त्या दिवशी फक्त ते नाव परत म्हणा, एकदा. अमुक का? एवढंच. नव्वद वर्षांच्या बाईला आपल्या भावाचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकून किती वर्षं झाली असतील.

तुमच्या तगमगीसाठी तुम्ही वेगळं कापड घ्या. खरंच. आईच्या गोधडीवर एक टाकाही घालू नका, तिने उसवलेला पाचवा माणूस तर चुकूनसुद्धा नाही, मला ठाऊक आहे तुमचे हात शिवशिवताहेत. तुमचा तुम्ही वीतभर तुकडा घ्या, तिचीच एखादी जुनी साडी, धावदोरा यायला अर्धा तास लागतो, आईच शिकवेल, आणि काय वाटेल ते काढा, मामा काढा, न बघितलेलं रंगून काढा. वेडंवाकडं होईल. होऊ दे. कलेने सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही, माझा त्यावर विश्वास नाही, पण रात्री अडीचला छताकडे बघत पडण्यापेक्षा हातात सुई बरी, एवढं नक्की. आणि तुम्हाला वाकडं घालताना बघून आई हसेल, ते वेगळंच.

गोधडीचं म्हणाल तर नातीला ती पांघरायला द्यायची की कपाटात ठेवायची हे आईला विचारा, आणि ती म्हणाली पांघरायला, तर पांघरायलाच. मला माहितीय तुम्हाला आता ती जपून ठेवावीशी वाटतेय, पण तिने पोरीला ऊब मिळावी म्हणून शिवलीय, म्युझियमसाठी नाही. प्रत्येक वेळी उसवायच्या आधी आणि नंतर फोटो मात्र काढून ठेवा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, भोकं दिसतील असे. उलट्या बाजूचाही काढा, गाठी मागेच असतात. कपाटात जायची वेळ आली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, धुतलेल्या सुती पंच्यात, घडी न घालता गुंडाळून, डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू न देता. आणि कोपऱ्यात मागच्या बाजूला एक पट्टी शिवा, आईचं नाव, जन्म रंगून, शिवली मिरजेत, साल. ही पट्टी तिलाच शिवू द्या, वेडीवाकडी अक्षरं आली तरी.

बाकी मी नंतर लिहीन, दादांचा फोन नंबर पाठवलात तो मी वापरणार नाही, तुमचं भांडण तुम्ही भांडा. आधी उठा आणि मार्केटात जा, रीळ घेऊ नका, ती बारीक पडते, गोधडीचा जाड दोरा मागा, आणि नमुना म्हणून नदीचाच एक सुटलेला धागा बरोबर न्या, म्हणजे निळा तोच मिळेल. दोऱ्याच्या दोन गुंड्या आणा, तिला परत मागायला लागू नये.